हवाई पाहणीची कुळकथा

पुराचे पाणी पुरते ओसरण्याच्या आत मंत्रिमहोदयांनी हेलिकॉप्टरमधून बाधित मुलखाची हवाई पाहणी केल्याचे वृत्त वाचण्याची महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकास जुनी सवय आहे; आणि सांप्रत त्या हेलिकॉप्टरच्या आधीच चार पंख्यांचे ड्रोन दुर्घटनास्थळावर घिरट्या घालताना दिसू लागल्यामुळे, ही विद्या अगदी अलीकडच्या यंत्रयुगाचे अपत्य असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तिचे कूळ शोधू गेल्यास आपण थेट १९०६ सालच्या सॅन फ्रान्सिस्को शहरात आणि शिकागोच्या एका छायाचित्रकाराच्या पतंगांपाशी येऊन पोहोचतो. आणि ते कूळ, स्पष्टच सांगायचे तर, परोपकाराचे नसून व्यापाराचे आहे.

त्या वर्षी १८ एप्रिल रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरले. भूकंपाने जे वाचवले ते पाठोपाठच्या आगींनी खाक केले, सुमारे २८,००० इमारती गेल्या, आणि चार लाखांच्या वस्तीपैकी निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. अशा या शहरात सुमारे सहा आठवड्यांनी शिकागोचा तो छायाचित्रकार, जॉर्ज लॉरेन्स, आपला सरंजाम घेऊन दाखल झाला. छायाचित्रणात आजवर जे अशक्य मानले गेले तीच आपली खासियत, अशी जाहिरात करणारा हा इसम नुसता बढाईखोर नव्हता. एका रेल्वे कंपनीला आपल्या नव्या गाडीचे छायाचित्र एकसंध हवे होते म्हणून त्याने १९०० साली १,४०० रत्तल वजनाचा कॅमेरा बनवून दाखवला होता. पुढे उंचावरून चित्रे घेण्याच्या नादात तो फुग्यातून उडू लागला. १९०१ साली पाळणा निसटून दोनशेहून अधिक फुटांवरून खाली आला, आणि वाटेतल्या टेलिफोनच्या तारांनी झेलले म्हणूनच जिवानिशी बचावला. यापुढे वर जायचे ते कॅमेऱ्याने, आपण नव्हे, असा शहाणपणाचा निर्णय त्याने त्यानंतर घेतला, आणि माणसाविना उडणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट निदान त्याच्यापुरती तेथून सुरू झाली.

त्याची पतंगांची करामत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. एकाच दोरावर पतंगांची माळच्या माळ, प्रसंगी सतरापर्यंत पतंग, चढवायचे आणि त्या दोराला पन्नास रत्तलांच्या घरातला कॅमेरा टांगून तो दोन हजार फुटांवर न्यायचा, एवढे सांगितले म्हणजे सोपे वाटते. परंतु वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोराला टांगलेली वस्तू स्थिर कशी राहावी हा खरा पेच होता. त्यासाठी त्याने कॅमेऱ्याभोवती बांबूचे तीन लांब हात पसरले, त्यांच्या टोकांपासून रेशमी दोऱ्या खाली सोडल्या आणि त्या दोऱ्या जेथे एकत्र येतात तेथे शिशाचे वजन अडकवले, जेणेकरून पतंग कितीही नाचले तरी कॅमेरा आपला तोल सोडणार नाही. दोराच्या गाभ्यातून विजेची तार गेलेली होती. खाली कळ दाबली की वर झडप उघडे. पण ती उघडली हे खालच्याला कळावे कसे? तर त्याच क्षणी कॅमेऱ्यापासून एक चिमुकली हवाई छत्री सुटे, आणि ती दिसली की चित्र उतरल्याची खात्री पटे.

लॉरेन्सच्या आधी कोणी आकाशातून छायाचित्र घेतलेच नव्हते असे मात्र नाही. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ दोराने बांधलेल्या फुग्यातून असे चित्र घेतले होते, आणि त्याचे सुरुवातीचे यत्न फसले ते फुग्यातून झिरपणाऱ्या वायूने ओल्या काचेवरचे रसायनच बिघडत असल्यामुळे. १८६० साली बोस्टन शहराचे जे चित्र जेम्स ब्लॅकने घेतले ते आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुने गणले जाते. आणि १८८८ साली फ्रान्समध्येच आर्थर बातूने पतंगाला कॅमेरा बांधला, तेव्हा झडप उघडण्यासाठी जळती वात आणि काम झाल्याची खूण म्हणून सुटणारी कागदाची पट्टी योजली होती. लॉरेन्सची छत्री ही त्या पट्टीचीच थोरली बहीण.

सॅन फ्रान्सिस्कोत लॉरेन्सच्या सतरा इंच रुंद आणि अठ्ठेचाळीस इंच लांब अशा एकाच निगेटिव्हवर उपसागराच्या काठापासून टेकड्यांपर्यंतचे अवघे जळके शहर उतरले. प्रत्येक प्रतीस १२५ डॉलर असा दर होता, आणि एकंदर प्राप्ती १५,००० डॉलरांच्या आसपास झाली असे सांगतात. शहराचे निम्मे रहिवासी उघड्यावर असताना त्यांच्या विध्वंसाचे चित्र विकले जावे याचा आज कोणास विषाद वाटेल, आणि तो अस्थानी म्हणता येणार नाही. पण त्या चित्राने एक गोष्ट प्रथमच साधली. जमिनीवर उभे राहून जी आपत्ती गल्लीगल्लीने, ढिगाऱ्याढिगाऱ्याने तुकड्यातुकड्यांत दिसते, तिचा पूर्ण विस्तार एका नजरेत आला. प्राण वाचवण्याच्या कामी मात्र त्याचा काडीमात्र उपयोग नव्हता, कारण तोवर सहा आठवडे लोटले होते.

चित्रातून नकाशा काढण्याची विद्या निराळ्या घराण्यातली. फ्रेंच लष्करातील लोसदा हा अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छायाचित्रांवरून मोजणी करण्याच्या खटपटीत होता. एकच स्थळ दोन भिन्न जागांवरून टिपले असता वस्तू जितकी जवळ तितकी ती दोन चित्रांत अधिक सरकलेली दिसते, आणि त्या सरकण्यावरून तिचे अंतर व उंची काढता येते, हे तिचे तत्त्व; म्हणूनच हवाई मोजणीत लागोपाठची चित्रे एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढलेली घेतात. पहिल्या महायुद्धाने या विद्येला विमान दिले, आणि १९२४ साली ब्रह्मदेशातल्या इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगलांची मोजणी विमानांतून झाली.

आपत्तीच्या कामी मात्र छोटे वैमानिकविरहित यान, म्हणजे ड्रोन, प्रथम उपयोगात आले ते २००५ साली कत्रिना वादळानंतर, मिसिसिपीतील पर्लिंग्टन येथे. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीवर, जेथे माणूस पाठवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे, तेथेही असेच यान धावले. आणि जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापुराने दऱ्याखोऱ्यांतील वाटा तोडल्या तेव्हा मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज कंपनीचे ‘नेत्र’ ड्रोन राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हाती अडकलेल्यांचा शोध घेत होते. लॉरेन्सच्या बांबूंची जागा तोल सांभाळणाऱ्या छोट्या मोटरींनी घेतली आणि दोराची जागा रेडिओलहरींनी. उंची म्हणाल तर ती वाढण्याऐवजी घटलीच. फरक पडला तो अवधीत. सहा आठवड्यांचे काम घटकाभरात होऊ लागले, आणि चित्र ज्याला विकायचे त्याच्या हाती न जाता ज्याला दोर घेऊन दरीत उतरायचे आहे त्याच्या हाती गेले.

आमच्या सह्याद्रीत मात्र या यानाला आषाढ-श्रावणाशी सामना करावा लागतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि ही वार्ता बाहेर नेली ती कोणत्याही उपकरणाने नव्हे, तर नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. गाव जेथे असायला हवे तेथे ते नाही, हे त्याच्याच डोळ्यांनी प्रथम पाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा पाऊस आणि धुके यांमुळे हेलिकॉप्टर वापरता येईना, आणि मदतपथकांना डोंगर पायीच चढावा लागला. ड्रोन हेलिकॉप्टरहून लहान खरे, पण धुक्यातून त्याच्या साध्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही आणि जोरकस वाऱ्यात त्याची बॅटरी झपाट्याने उतरते.

शिवाय दरडीनंतर वरून घेतलेले चित्र चिखल दाखवते, चिखलाखालचे घर दाखवत नाही. कोणत्या जागी कोणाची ओटी होती हे सांगायला आधीचा नकाशा लागतो, आणि नेमका तोच नसतो. कारण इंग्रजी अंमलातल्या जमाबंदीने शेते काटेकोर मोजली, शेतांवर सारा बसत होता म्हणून. गावठाणावर सारा नव्हता, सबब गावठाणातील घरे दप्तराबाहेर राहिली. ही उणीव भरून काढण्यास पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २०२० साली केंद्राने स्वामित्व योजनेखाली हेच काम देशभर हाती घेतले. घरमालकाला कर्जासाठी तारण ठेवता येईल असा मालमत्तेचा दाखला मिळावा हा तिचा जाहीर हेतू. शोधपथकाने कुदळ कोठे मारावी हे त्याच नकाशावरून ठरवता येईल, ही गोष्ट महसूल खात्याच्या कागदांत कोठे फारशी ठळक लिहिलेली आढळत नाही.