दुभाष्याच्या भरवशावरचा व्यापार

१/ मलकापूर ही शाहूवाडी तालुक्यातील जुनी बाजारपेठ. राजापूर बंदराकडून अणुस्कुरा घाट चढून येणारी वाट याच परिसरात देशावर पोचते. त्या वाटेच्या खालच्या टोकाला, राजापुरात, सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. तेथील व्यापाराचे शिकाऊ परक्या भाषेकडे कसे पाहत असत?

२/ ईस्ट इंडिया कंपनीत तरुण मुलगा प्रथम शिकाऊ वा कारकून म्हणून दाखल होई. पुढे तो फॅक्टर, मग व्यापारी बने. हिशेब, मालाची पारख, पत्रलेखन हे त्याचे शिक्षण. देशी भाषा मात्र त्यात सक्तीची नव्हती.

३/ मग व्यवहार चाले कसा? पश्चिम किनाऱ्यावर मोडकीतोडकी पोर्तुगीज ही दळणवळणाची भाषा होती. तीही अपुरी पडली, तर पगारी दुभाषी असेच. स्वतः कष्ट कशाला घ्यायचे, हा हिशेब शिकाऊंना सोयीचा वाटे.

४/ कंपनीला यातला धोका कळत होता. दुभाषी जे सांगेल तेच सत्य मानावे लागे. म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी भाषा शिकणाऱ्यांना तिने रोख बक्षिसे देऊ केली. तरीही दुभाष्यावाचून चालेना.

५/ १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांची वखार लुटून इंग्रजांना कैद केले. या लुटीच्या भरपाईची बोलणी पुढे वर्षानुवर्षे चालली. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्या बाजूने दुभाषी होता नारायण शेणवी.

६/ म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास झालेल्या तहाचा शब्दन् शब्द एका शेणव्याच्या जिभेवरून गेला. दोन भाषांमधील ही जागा मोलाची होती, आणि ती मोजक्या घराण्यांकडे राहिली.

७/ करवीर राज्यासाठी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांना नेमके ओळखले होते. हे इतर सावकारांसारखे निव्वळ सावकार नव्हेत. यांच्या पाठीशी राजे आहेत. म्हणून यांना किनाऱ्यावर ठाणे देऊ नये, असा त्यांचा सल्ला.

८/ आता उलट बाजू पाहा. १८०० साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. त्याचा युक्तिवाद असा की, कंपनीचे नोकर नावाला व्यापारी उरले असून प्रत्यक्षात ते न्यायाधीश आणि महसूल अधिकारी झाले आहेत. तेव्हा त्यांना भाषा आल्याच पाहिजेत. तेथेच मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला.

९/ कालक्रम नीट लक्षात घ्या. माल विकण्यासाठी दुभाषी पुरला. मुलूख चालवायचा ठरला तेव्हा भाषा अनिवार्य झाली. आपल्याकडे टोपीकराचा हेतू ओळखला गेला, पण त्याची भाषा शिकवणारी शाळा पेशवाईत उभी राहिली नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा मराठी जाणणारे साहेब होते. इंग्रजी जाणणारे मुत्सद्दी जवळजवळ नव्हते.

१०/ या एकाच कारणाने राज्य गेले, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. पण आज वाणिज्य शाखेतला विद्यार्थी ‘इंग्रजीवर भागते, जपानी-जर्मन कशाला?’ असे विचारतो, तेव्हा राजापूरच्या शिकाऊंचाच हिशेब नव्याने मांडत असतो. भागते हे खरेच. फक्त सौदा कोणाच्या शब्दांत होतो आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.