मालिकेतलं घर कोणाच्या पैशानं उभं राहिलं?



मागच्या महिन्यात बैठकीत आमच्या एका ताईंनी ४० हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला बघायला पाहुणे येणार. पुढच्या खोलीला फरशी, पीओपी आणि सोफा करायचाय. आता सगळ्यांना टीव्हीतल्यासारखा हॉल लागतो." कोणी हसलं नाही. आमच्यापैकी प्रत्येकीच्या मनात तसा एक हॉल आहेच. म्हणून आज आम्ही मालिकेतल्या घराचीच गोष्ट सांगणार आहोत. ते घर एवढं मोठं कधी झालं, आणि त्यात राहणाऱ्यांना ते खरंच परवडलं असतं का?

मालिका मुळात टीव्हीवरची नाही. ती आपल्यासारखीच रेडिओवर जन्मली. अमेरिकेत १९३० च्या सुमारास बायका घरकाम करताना दुपारी रेडिओ ऐकायच्या. साबण विकणाऱ्या कंपन्यांनी त्या वेळेला रोज पुढं सरकणाऱ्या गोष्टींचे कार्यक्रम सुरू केले. म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' म्हणजे साबणाची नाटकं असं नाव पडलं. त्यातली 'मा पर्किन्स' ही मालिका १९३३ ते १९६० अशी २७ वर्षं चालली. तिचा खर्च प्रॉक्टर अँड गँबल कंपनीची धुण्याची पावडर करायची. नायिका कोण? एक विधवा बाई, जी गावात लाकडाची वखार चालवायची. घर रेडिओवर दिसत नव्हतं, पण चूल कशावर पेटते ते ऐकणारीला ठाऊक होतं.

आपल्याकडं दूरदर्शनवर 'हम लोग' आली ७ जुलै १९८४ ला. तिच्यामागं आपल्या महाराष्ट्राचे वसंत साठे होते. ते त्याआधी केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजन आणि शिक्षणाच्या गोष्टी सांगत, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. लेखन मनोहर श्याम जोशींचं. बाप बसेसर राम दारूच्या आहारी गेलेला, घरात आजी-आजोबा, आई आणि पाच मुलं. म्हणजे नऊ माणसं एका लहान घरात. थोरल्या पोरीचं लग्न कसं व्हायचं, थोरल्या पोराला नोकरी कधी लागायची, हीच त्या घराची काळजी. आमच्यातल्या मोठ्या बाया सांगतात, गावात एकच टीव्ही होता आणि अख्खी आळी तिथं बसायची. ते घर कोणालाच परकं वाटलं नाही.

मग १९९२ पासून खाजगी वाहिन्या आल्या. ३ जुलै २००० ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. पुजाऱ्याची लेक तुलसी, विराणींच्या श्रीमंत घरात सून म्हणून गेली. मालिका २००८ पर्यंत चालली, १,८०० हून अधिक भाग झाले. तिथून पडद्यावरचं घर म्हणजे मोठा जिना, झुंबर आणि कबड्डी खेळता येईल असा हॉल.

घर मोठं का झालं? एक कारण अगदी साधं आहे. ते घर नसतंच. तो प्लायवूडचा सेट असतो, बऱ्याचदा वर छतसुद्धा नसतं, कारण तिथं दिवे टांगायचे असतात. पंधरा माणसं एका रांगेत दिसायला हवीत आणि दोन-तीन कॅमेरे फिरायला हवेत, म्हणून हॉल रुंद. रोजचा भाग काढायचा तर एकच सेट वर्षानुवर्षं वापरणं परवडतं. दुसरं कारण जाहिरात. अमेरिकेत साबण विकायचा होता. आता मध्ये मध्ये रंग, फरशी, दागिने, साड्या विकायच्या असतात. बाईला आपलं घर कमी वाटलं, तर दुकानदाराचं भलं होतं.

आता हिशोब करू. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' आली. जान्हवी चाळीतली, बँकेत नोकरी करणारी. सासर गोखल्यांचं, त्यांचा गृहउद्योग. आपल्या गटांना हा धंदा तोंडपाठ आहे. समजा असा गृहउद्योग करून कोणाला शहरात १ कोटीचं घर घ्यायचंय. मुंबईत एवढ्यात बंगला सोडा, बऱ्याच भागांत दोन खोल्यांचा फ्लॅटही मिळत नाही. सगळं कर्ज काढलं, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. दर लाखाला महिन्याला साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे १ कोटीला ९० हजार. पापडाच्या एका पाकिटामागं १० रुपये सुटले, तर महिन्याला ९,००० पाकिटं, रोज ३००. एक दिवस सुट्टी नाही, पाऊस नाही, आजारपण नाही. एवढं करून फक्त हप्ता फिटतो, किराणा अजून बाकी आहे. आणि २० वर्षांत १ कोटीचे सुमारे २ कोटी १६ लाख भरले जातात.

बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग त्या बाया दिवसभर दागिने घालून भांडतात कधी?" खरंच, मालिकेत साहेब फायलींवर सह्या करताना दिसतात, पण हप्ता भरताना दिसत नाहीत.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मालिकेत सुनेला "माझ्या घरातून चालती हो" म्हणतात आणि ती पावसात बाहेर पडते. हे आपण वर्षानुवर्षं पाहतोय. पण त्याच काळात कायदा उलट्या दिशेनं चालला होता. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्यानुसार घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला त्या घरात राहायचा हक्क आहे. घराबाहेर काढलेल्या बाईनं पावसात उभं राहायचं नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा न्यायालयात जायचं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री घरकुलात घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर करायचा नियम आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. मालिकेतल्या जिन्याखाली मावेल एवढं. पण त्याच्या कागदावर बाईचं नाव असतं.

आता त्या ताईंचं काय झालं ते सांगतो. गटानं त्यांना म्हटलं, आधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा आणा. आणला, तर त्यावर नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचंच नाव. ज्या हॉलला सोफा आणायचा होता, तो कागदावर ना ताईंचा होता ना त्यांच्या मालकांचा. मग असं ठरलं की आधी वारस नोंदीचा अर्ज आणि दोघांचं नाव लावायची मागणी. कर्ज १५ हजारांचं, गळकं छप्पर आणि फरशीपुरतं. आमच्या गटात शेकडा २ रुपये व्याज आहे. ४० हजारांवर पहिल्याच महिन्याला ८०० रुपये गेले असते, आता ३०० जातात. पाहुणे आले, सतरंजीवर बसले, चहा घेऊन गेले. पोरगी अजून शिकतेय, निरोप काही का येईना.

मालिका बघू नका असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही बघतो, भाकरी थापता थापता. फक्त बघताना दोन प्रश्न विचारायचे. हे घर कोणाच्या कमाईवर चाललंय? आणि ते कोणाच्या नावावर आहे? मग तेच दोन प्रश्न आपल्या घराला विचारायचे. पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा आणावा. सगळ्या मिळून वाचू.