आल, तुरटी आणि रंगसूत्रे

क्षिप्रेच्या काठी, काळभैरवाच्या देवळानजीक वसलेल्या भैरवगढातील छिप्यांचे कापडावर ठसे उमटविण्याचे कसब उज्जयिनीच्या यात्रेकरूंस परिचित आहे. परंतु सजीवाची पेशी दुभंगते कशी, या प्रश्नाच्या उत्तराशी त्या कसबाचे काही नाते असेल, अशी शंकाही त्यांपैकी कोणास येत नसावी.

इ. स. १७९२-९३ मध्ये, उज्जैन हे शिंद्यांच्या दौलतीचे मुख्य ठाणे असताना, इंग्रज रेसिडेंट मेजर पामर यांच्या लवाजम्याबरोबर विल्यम हंटर नावाचा डॉक्टर आग्र्याहून तेथे आला, आणि जयसिंहाच्या वेधशाळेइतक्याच आस्थेने त्याने माळव्यातील आल या झाडाची चौकशी केली. त्याचा आलीवरील निबंध १७९५ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रसिद्ध झाला. आलीच्या मुळांतून लाल रंग निघे. बारीक मुळे उत्तम, जाडी कवडीमोल. मात्र नुसता रंग कापडावर ठरत नाही. तुरटीने तो लाल बसतो आणि लोखंडाने काळा, हे मर्म छिप्यांस पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते.

१८६८ साली ग्रेब व लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या जातीचा लाल रंग कृत्रिम रीतीने सिद्ध केला, आणि कोळशाच्या डांबरातून निघालेल्या या स्वस्त मालापुढे आलीची शेती हळूहळू नामशेष झाली. रयतेचे हे नुकसान कोणी भरून दिले नाही.

अशाच डांबरी रंगांचा उपयोग कील येथील वाल्टर फ्लेमिंग याने सॅलमँडरच्या अळ्यांच्या ऊती रंगविण्याकडे केला, आणि पेशीच्या केंद्रकातील काही धागेच तेवढे गडद रंगतात, उभे चिरून दुणावतात व दोन ध्रुवांकडे सरकतात, हे १८८२ च्या ग्रंथात सचित्र मांडले. या विभाजनाच्या अंत्यावस्थेत धाग्यांचे ते दोन संच पुन्हा विरळ होतात, प्रत्येकाभोवती नवे आवरण बनते, आणि प्राण्याची पेशी तर, पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तशी, मध्यभागी आवळत जाऊन दुभंगते. वनस्पतीच्या पेशीस कठीण भिंतीमुळे असे आवळता येत नाही, म्हणून ती आतूनच मध्ये नवा पडदा उभारते. १८९२ मध्ये हायडेनहाइनने आधी लोखंडी तुरटी व मागाहून पतंगासारख्या एका अमेरिकी लाकडाचा रंग देऊन हे धागे काळेभोर उठविले. ही तर सरळ छिप्याची रीत!

या धाग्यांस १८८८ साली वाल्डेयरने ‘रंगणारा देह’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. मराठीत ‘रंगसूत्र’ व ‘गुणसूत्र’ असे दोन्ही शब्द आले, आणि पाठ्यपुस्तकांनी दुसरा पसंत केला. वाचकांनी पहिला टाकू नये, एवढीच विनंती.