मध्यस्थ : गार्डच्या पेटीपासून मोबाईलपर्यंत



यंदा स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असा मंडळींचा आग्रह झाला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस वर्षे मालगाडीच्या वॅगन दुरुस्त करण्यात गेली. पण वर्गणीला फिरताना माझ्या भाच्यानेच मला विषय दिला. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मित्रांबरोबर एक मोबाईल अ‍ॅप तयार करतो आहे. त्यात लग्नाळू मुलाची किंवा मुलीची माहिती त्यांचे मित्र-मैत्रिणी भरतात आणि स्थळेही तेच सुचवतात. “मामा, एकदम नवीन कल्पना आहे,” तो म्हणाला. मला हसू आले. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते करणाऱ्याला मध्यस्थ म्हणतात.

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांबरोबर. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांचा कारभार रतनपूरहून चालला. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यू याने मुख्यालय रायपूरला आणले. नागपूर इथून सुमारे तीनशे किलोमीटर. बैलगाडीच्या त्या काळात सोयरीक जुळवायची म्हणजे मोठे काम होते. चित्र बदलले ते रेल्वेमुळे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगावची मीटरगेज लाईन रुंद केली, ती रायपूर-बिलासपूरवरून पुढे नेली आणि १८९१ मध्ये आसनसोलला जोडली. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. शाळा, कचेऱ्या, कोर्ट, रेल्वे यांत बदलून येणारी मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. १९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. मुले इथे वाढत होती, पण त्यांच्यासाठी स्थळे गोंदिया, भंडारा, नागपूरकडची पाहावी लागत.

माझ्या आजोबांचे लग्न १९४८ चे. ते स्थळ आणले त्यांच्या एका गार्ड मित्राने. गाडी घेऊन गेले की गोंदियाला त्यांचा मुक्काम पडे. झेंड्या, दिवे आणि फटाके ठेवायच्या गार्डच्या काळ्या लोखंडी पेटीतून आजीची पत्रिका रायपूरला आली. पत्रिका देताना ते आजोबांना म्हणाले, “मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येते. आधीच सांगतो.” आणि आजीच्या वडिलांना त्यांनी सांगितले, “मुलाची नोकरी अजून कायम नाही. व्हायची शक्यता आहे, पण मी खात्री देत नाही.” दोन्हीकडच्यांनी विचार करायला महिना घेतला आणि मग होकार कळवला. पुढे चाळीस वर्षे ते गार्डकाका आमच्या घरी पहिल्या पंगतीला असत. मात्र एक गोष्ट आजी शेवटपर्यंत बोलून दाखवी. “कान सांगितला, नोकरी सांगितली, सगळं सांगितलं. पण तुला पसंत आहे का, हे मला कुणी विचारलं नाही.”

मैत्रीतून जुळलेले एक लग्न महाराष्ट्राच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. धोंडो केशव कर्वे आणि नरहरपंत जोशी हे मुंबईतले मित्र. नरहरपंतांची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनी विधवेशीच लग्न करायचे ठरवले. मित्राच्या घराशी असलेल्या ओळखीतून ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. ज्या १८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याच सालातली ही घटना. गावाने कर्व्यांना बहिष्कृत केले. अशा वेळी मित्राची बहीण करणे जितके धैर्याचे, तितकेच मित्राला बहीण देणेही धैर्याचे होते.

पुढे नोकऱ्यांनी माणसे पांगली. भिलाईचा कारखाना झाला, १९५६ मध्ये नागपूर आणि रायपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, वधू-वर सूचक मंडळे, परिचय मेळावे आले. पुण्यात १९७५ मध्ये अनुरूप विवाह संस्था सुरू झाली. नव्वदीच्या दशकाअखेरीस संगणकावर स्थळे दिसू लागली. यामुळे सोय खूप झाली. एका गार्डला चार घरे ठाऊक असत, इथे हजारो स्थळे. मुलीही स्वतः निवडू लागल्या. पण उंची, पगार, शिक्षण सांगणारा कागद झाला, आणि “हा माणूस मी पाहिला आहे” असे म्हणणारा मागे पडला. आता परदेशी कंपन्यांनाही त्याची आठवण झाली आहे. टिंडरने २०२३ मध्ये मित्रांनी आणि घरच्यांनी स्थळे सुचवण्याची सोय सुरू केली, अंतिम निवड अर्थात ज्याची त्याची.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. साधारण बारा वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी माझ्या ओळखीच्या एका मुलाची चौकशी केली. त्याचे पिणे मला ठाऊक होते. लग्न झाले की सुधारेल, असे मनाशी म्हणत मी सांगितले, “मुलगा कामाला चोख, स्वभावाने चांगला.” यात खोटे काहीच नव्हते. दीड वर्षात मुलगी माहेरी परत आली. तिचे वडील नंतर अनेकदा भेटले, पण त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

आमच्याकडे वॅगन दुरुस्त होऊन बाहेर पडताना तिच्यावर कारखान्याची खूण आणि तारीख रंगवतात. पुढे कुठेही बिघाड झाला तरी ती कुणी पाठवली हे कळते. भाच्याला मी हेच सांगितले. शिफारस करणाऱ्याचे नाव शिफारशीखाली दिसू दे. चांगल्या गुणांच्या शेजारी उणी बाजू लिहायला एक जागा ठेव, आणि ती रिकामी राहिली तर शिफारस पुढे जाऊ देऊ नकोस. मुलाची किंवा मुलीची परवानगी असल्याशिवाय फोटो कुणाला दाखवू नकोस, आणि ‘तुला पसंत आहे का’ हा प्रश्न सर्वांत आधी विचार.

“मामा, उणी बाजू लिहिली तर मित्र रागावेल,” तो म्हणाला.

मी म्हटले, “रागावू दे. आपल्या गार्डकाकांवर कुणी रागावलं नाही.”

लग्नाची पहिली पत्रिका आपण गणरायापुढे ठेवतो. ती ठेवताना मध्यस्थाचा हात थरथरू नये, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.