सीमापार समभाग-गुंतवणूक (युरोपीय संघ)

युरोपीय संघातील किरकोळ गुंतवणूकदाराला दुसऱ्या सदस्य देशातील कंपनीचे समभाग घेताना, सांभाळताना आणि विशेषतः त्यांचा लाभांश पदरात पाडून घेताना येणाऱ्या अडचणी. संघात भांडवलाला मुक्त संचार आहे आणि यूरोमुळे बहुतेक सदस्य देशांत चलनबदलाचा प्रश्नही उरलेला नाही. समभाग घेणे आता मोबाइलवरचे काम झाले आहे. खरी रखडपट्टी त्यानंतर सुरू होते.

सर्वांत जाचक बाब लाभांशातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराची. जर्मनी २६.३७५ टक्के कापते : २५ टक्के कर, शिवाय त्या करावर ५.५ टक्के एकता-अधिभार. दुहेरी करटाळणीच्या करारांनुसार परदेशी किरकोळ भागधारकाकडून सहसा १५ टक्केच घेता येतात. म्हणजे फ्रान्समधील भागधारकाच्या १०० यूरोंतून ११.३७५ यूरो जास्तीचे जातात. मायदेशी वजावट मिळते ती १५ पुरतीच. उरलेले पैसे जर्मन केंद्रीय कर कार्यालयाकडे अर्ज करून परत मागायचे. त्यासाठी स्वतःच्या करखात्याकडून रहिवासाचा दाखला आणायचा, शिवाय कर कापल्याचे प्रमाणपत्र समभाग सांभाळणाऱ्या (कस्टोडियन) बँकांच्या साखळीतून मागवायचे. त्याचे शुल्क वेगळे. अकरा यूरोंसाठी हा खटाटोप परवडत नाही, म्हणून लहान गुंतवणूकदार त्या पैशांवर पाणी सोडतो. संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमध्ये तर कपातच ३५ टक्के. परतावा देताना करखाती दाखवतात त्या संशयी वृत्तीला कारणही आहे : ‘कम-एक्स’ व्यवहारांत एकदाच भरलेल्या कराचा परतावा अनेकदा उकळला गेला आणि जर्मन तिजोरीला अब्जावधींचा फटका बसला. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

काही देश खरेदीवरही कर घेतात. फ्रान्सने २०१२ पासून आपल्या मोठ्या कंपन्यांच्या समभागांवर तो लावला, स्पेनने २०२१ पासून (०.२ टक्के). खरेदीदार कुठलाही असो, कर चुकत नाही.

सीमापार व्यवहारपूर्तीतील, म्हणजे समभाग आणि पैसे प्रत्यक्ष हस्तांतरित करण्यातील, पंधरा अडथळे इटालियन अर्थतज्ज्ञ अल्बेर्तो जोव्हान्नीनी यांच्या गटाने २००१ मध्येच नोंदवले होते. युरोपीय मध्यवर्ती बँकांची सामाईक व्यवहारपूर्ती यंत्रणा २०१५ मध्ये सुरू झाली. मात्र कंपनी कायदे आणि कर देशोदेशीचे निराळेच राहिले.

करपरताव्यासाठी संघाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘फास्टर’ निर्देश संमत केला. त्यात रहिवासाचा डिजिटल दाखला आहे, तसेच मुळातच कमी कपात किंवा झटपट परतावा यांची तरतूद आहे. नाव ‘अधिक जलद’ असले तरी अंमल १ जानेवारी २०३० पासून. लहान भांडवलबाजार असलेल्या आणि मुळातच कमी कपातीची सोय असलेल्या देशांना आपली जुनी पद्धत चालू ठेवता येईल.