दंड रक्षणासाठीं कीं तिजोरीसाठीं ?

यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावतीच्या कांठीं वसलेल्या आर्णी गांवावरून नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. मालमोटारी, एस. टी. च्या गाड्या, शेतावरून परतणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि फटफट्या या साऱ्यांची वाट एकच. अशा वाटेवर दंडाची पावती हातांत पडली, म्हणजे मनुष्य सहज विचारतो : हा पैसा माझ्या जिवासाठीं घेतला कीं सरकारच्या तिजोरीसाठीं ? मोटारी नव्या असल्या तरी प्रश्न जुना आहे.

मोगल अमदानींत ‘राहदारी’ नांवाचा कर असे. वाटसरूचें व त्याच्या मालाचें चोरांपासून रक्षण करावयाचें आणि त्याबद्दल चौकीवर कांहीं घ्यावयाचें, ही त्याच्या मुळाशीं असलेली कल्पना. पुढें पैसा नियमानें येऊं लागला, तशी चौकी टिकली आणि रक्षण मागें पडलें. औरंगजेबानें राज्यावर आल्यावर लवकरच, १६५९ च्या सुमारास, राहदारी माफ केली. तथापि जमीनदार व जहागीरदार ती घेतच राहिले, असें इतिहासकार खाफीखान नमूद करितो. प्रत्यक्ष बादशहाचें फर्मानही चौकीवरील उत्पन्नापुढें लंगडें पडलें.

पेशवाईच्या हिशेबांत ‘गुन्हेगारी’ या सदराखालीं दंडाची रक्कम जमेस धरीत. देखरेख कडक असे तोंवर यांत मोठा धोका नव्हता. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती लिलावानें दिल्या जाऊं लागल्या. एल्फिन्स्टनच्या अहवालांत या रीतीचें वर्णन आलें आहे. ज्यानें मोठी बोली बोलून मामलत घेतली, त्यास ती रक्कम रयतेकडूनच भरून काढावयाची. मुलखांतले गुन्हे कमी व्हावेत असें त्यास मनापासून कां वाटावें ?

त्याच काळीं गांवगाड्यांत याच्या उलट अशी एक रीति होती. चोरी झाली कीं गांवचा जागल्या माग काढी. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला, तर त्या गांवानें तो पुढें लावून द्यावा, नाहींतर भरपाई करावी. या रीतींत निरपराध्यासही भुर्दंड पडे, हें खरें. परंतु पैसा जाई तो ज्याचें नुकसान झालें त्याच्या घरीं. आणि रखवालदाराचा लाभ चोरी न होण्यांतच असे.

मोटारींसाठीं हिंदुस्थानांत १९१४ मध्यें कायदा झाला. पुढें १९३९ व १९८८ मध्यें नवे कायदे आले. १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाचे आंकडे एकदम वाढले. परवान्यावांचून गाडी चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० झाला, आणि दारू पिऊन चालविण्याचा २,००० वरून १०,००० पर्यंत गेला. तेव्हांचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच. सरकारास उत्पन्न नको, माणसें वांचवावयाचीं आहेत, अशी त्यांची भूमिका होती. महाराष्ट्र सरकारनें मात्र ते दर लगेच लागू केले नाहींत. सुधारलेले दर डिसेंबर २०२१ मध्यें आले.

दंड म्हणजे निव्वळ लूट, असें म्हणणाऱ्यानें एक आंकडा ध्यानीं घ्यावा. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील शेंकडा ७१ च्या सुमारास मृत्यु अतिवेगाच्या अपघातांतले होते. वेगास आळा घालणें हें सरकारचें कर्तव्यच आहे. परंतु मृत्यूंची ही संख्या २०१९ पेक्षां कमी नव्हे, अधिकच आहे, हेंही विसरतां येत नाहीं. केवळ रक्कम वाढविल्यानें मनुष्य सुधारत नाहीं. पकडले जाण्याची खात्री असावी आणि चूक त्याच वेळीं दाखविली जावी. महिन्यानें भ्रमणध्वनीवर आलेली दंडाची सूचना वाचीपर्यंत तो त्याच वाटेनें तशाच वेगानें कितीएक वेळां गेलेला असतो.

याच दुरुस्तींत एक कलम आहे, तिकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. रस्त्याची आंखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें न केल्यामुळें कोणी मेला अथवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी वा ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि ती रक्कम अपघातनिधींत भरावयाची आहे. जुन्या गांवच्या भरपाईचें तत्त्व येथें पुन्हा दिसतें. उलट, वाहनचालकाचा नेहमींचा दंड राज्याच्या तिजोरींत जातो.

तेव्हां पावती घेणाऱ्या मनुष्याच्या प्रश्नाचें उत्तर रकमेंत सांपडणार नाहीं. खड्ड्याचा जाब फटफटीवाल्याच्या चुकीइतक्याच तत्परतेनें विचारला जातो काय, आणि वसूल झालेला पैसा त्याच रस्त्यावर दिवा, दुभाजक व जखमींसाठीं गाडी या रूपानें परत येतो काय, हें पाहिलें पाहिजे. रक्षणासाठीं घेतलेल्या दंडाची जमा वर्षानुवर्षें घटली पाहिजे, आणि तिच्याबरोबर मृत्यूंची संख्याही. जमा वाढत जाऊन माणसेंही मरत राहिलीं, तर ती राहदारीच होय. चौकी तेवढी नवी.