स्वाध्यायाचें पुस्तक आणि संगणकाची भाषा

विद्या गुरूच्या तोंडून घ्यावी, पुस्तकावरून घेतलेली विद्या ऐन प्रसंगीं दगा देते, असा आपल्या समाजाचा फार जुना समज आहे. गवयाची तालीम किंवा वैद्याची नाडीपरीक्षा यांच्या बाबतींत तो बव्हंशीं खराही आहे. परंतु गेल्या साठसत्तर वर्षांत एक विद्या अशी उदयास आली कीं, ती पुष्कळांनीं गुरूपाशीं न बसतां केवळ पुस्तक उशाशीं घेऊन संपादन केली. ती विद्या म्हणजे संगणकास आज्ञा देण्याची भाषा. ह्या विद्येचा इतिहास स्वाध्यायाच्या अंगानें थोडक्यांत सांगावा, आणि तो सांगतांना माजरीसारख्या गांवीं तिची व आमची गांठ कशी पडली हेंही नमूद करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

माजरी हें चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यांतील कोळशाच्या खाणींचें गांव. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर येथें जंक्शन असून वणीवरून आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. १९७३ सालीं दगडी कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, आणि १९७५ सालीं नागपूर हें मुख्य ठाणें असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. माजरी हें तिच्या क्षेत्रांपैकीं एक होय. चंद्रपूर-गडचिरोलीचें नांव काढलें म्हणजे शहरांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें साग, बांबू आणि वाघ उभे राहतात. खाणीच्या वसाहतींत राहणाऱ्यास मात्र प्रथम आठवते ती वाळत घातलेल्या धोतरांवर बसणारी काळी भुकटी. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आम्ही ह्याच वसाहतींत राहत होतों. संगणक आमच्या घरीं नव्हता, शेजारींपाजारीं नव्हता, शाळेंतही नव्हता. आमच्यापाशीं होतें तें एक पुस्तक. यंत्रावांचून यंत्राची भाषा शिकूं पाहणारा मनुष्य वेडा ठरावयाचा. परंतु ह्या विद्येचा प्रारंभच मुळीं तशा वेडापासून झाला आहे.

इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें गणित करणाऱ्या एका प्रचंड यंत्राची योजना केली होती. त्या यंत्रासंबंधींच्या एका लेखाचें भाषांतर करितांना एडा लव्हलेस ह्या विदुषीनें १८४३ सालीं त्यास स्वतःच्या विस्तृत टीपा जोडल्या, आणि एका टीपेंत बर्नूलीच्या संख्या यंत्राकडून कशा काढवून घ्याव्या याची पायरीपायरीनें मांडणी केली. तें यंत्र बॅबेजच्या हयातींत पुरें झालें नाहीं. म्हणजे जिला आद्य संगणक-लेखिका म्हणून जग ओळखतें, तिनें आपली आज्ञावली कागदावर लिहिली, कागदावरच तपासली, आणि ती चाललेली पाहण्याचें भाग्य तिला कधींही लाभलें नाहीं.

पुढें शंभर वर्षांनीं यंत्रें झालीं. परंतु त्यांच्याशीं बोलावयाचें म्हणजे आंकड्यांची रांग लिहावी लागे. १९५२ सालीं ग्रेस हॉपर ह्या बाईंनीं आज्ञा जुळवून देणारी पहिली संकलक-प्रणाली तयार केली. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांनीं आय.बी.एम. कंपनींत फोरट्रॅन ही भाषा सिद्ध केली, आणि गणिती मनुष्यास आपल्या सूत्रांच्या जवळच्या भाषेंत यंत्राशीं बोलतां येऊं लागलें. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत केमेनी व कुर्ट्झ ह्या दोन प्राध्यापकांनीं, शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही जमावी म्हणून, बेसिक ही भाषा काढली. भाषा मनुष्याच्या जसजशी जवळ आली, तसतसें तिचें पुस्तक सामान्य वाचकाच्या आटोक्यांत आलें.

आपल्या देशांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. आर. नरसिंहन यांच्या देखरेखीखालीं बनलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं चालूं झाला, आणि १९६३ सालीं कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आय.बी.एम. १६२० हें यंत्र आलें. त्या काळीं यंत्र एक आणि शिकणारे अनेक, अशी स्थिति असे. विद्यार्थ्यानें कार्यक्रम कागदावर लिहावा, तो भोंकें पाडून यंत्राच्या स्वाधीन करावा, आणि उत्तराची वाट पाहत बसावें. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हां सारी रांग धरावी लागे. म्हणून कागदावर दहा वेळां पडताळून पाहण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगीं आपोआप बाणली. कानपूर येथील प्रा. व्ही. राजारामन यांचें ह्या विषयावरील पाठ्यपुस्तक १९६९ सालीं निघालें, आणि विलायती पुस्तकांची किंमत ऐकून मागें सरणाऱ्या विद्यार्थ्यांस देशी पुस्तक हातीं धरतां येऊं लागलें.

१९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यानें ‘सी’ ही भाषा निर्माण केली. १९७८ सालीं ब्रायन कर्निघन व रिची यांनीं तिजवर अवघ्या २२८ पानांचें पुस्तक लिहिलें. त्यांतील पहिला धडा जगास नमस्कार करणारीं दोन अक्षरें पडद्यावर उमटविण्याचा; तो इतका लोकप्रिय झाला कीं, पुढें बहुतेक सर्व भाषांच्या पुस्तकांनीं तीच प्रथा उचलली. परंतु तें पुस्तक जाणत्यांसाठीं लिहिलेलें. आडगांवच्या नवशिक्यास त्यांतील मितभाषण जड जाई.

ही अडचण ज्यांनीं ओळखली, ते आमच्याच प्रांतांतले. नागपूरचे श्री. यशवंत कानेटकर यांनीं मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून पदवी घेतली व कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें एम.टेक. केलें. त्यांचें ‘लेट अस सी’ हें इंग्रजी पुस्तक दिल्लीच्या बी.पी.बी. प्रकाशनानें काढलें आणि त्याच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या. त्यांत सी भाषेची तुलना आरंभींच इंग्रजी शिकण्याशीं केली आहे: प्रथम मुळाक्षरें, मग शब्द, मग वाक्यें, मग परिच्छेद. आणि त्यांतील पहिला कार्यक्रम जगास नमस्कार करण्याचा नसून सरळव्याज काढण्याचा आहे. हा भेद आम्हांस लहान वाटत नाहीं. मुद्दल, मुदत आणि दर हे शब्द ज्याच्या घरांत रोज कानीं पडतात, त्यास त्या पानावर परकेपणा कसा वाटावा?

आमच्या वडिलांनीं हें पुस्तक नागपुरास सीताबर्डीवरून आणलें. त्यांनीं त्याच सुमारास एका पतसंस्थेकडून पांच हजारांचें कर्ज दोन वर्षांच्या मुदतीनें व दरसाल दरशेंकडा बारा दरानें काढलें होतें. म्हणून आम्हीं तेंच उदाहरण घेतलें. वहीच्या पानावर रकाने आंखले, प्रत्येक चलाचें नांव वर लिहिलें, आणि ओळीमागून ओळ ‘चालवून’ खालीं किंमती मांडल्या. उत्तर आलें १२००. वडिलांच्या कागदांतही तोच आंकडा होता. आमच्या आनंदास पार उरला नाहीं. तीन महिने असेच कागदावर कार्यक्रम लिहून आम्हीं वही भरली, आणि आपणांस ही भाषा अवगत झाली असें समजूं लागलों.

पुढें एका रविवारीं वडिलांनीं आम्हांस पॅसेंजर गाडीनें चंद्रपुरास नेलें. भांडक, ताडाळी हीं स्थानकें मागें पडत होतीं आणि आमची छाती धडधडत होती. तेथील एका शिकवणीवर्गांत तासाचे पैसे भरून यंत्रापुढें बसलों. टर्बो सी उघडून व्याजाचा कार्यक्रम एका बोटानें अक्षर अक्षर टिपून घातला. उत्तर आलें शून्य. वडील म्हणाले, ‘‘अरे, असें यंत्र आमच्या पतसंस्थेंत बसवावयास पाहिजे!’’ आम्हीं आधीं दरास शंभरानें भागून मग गुणाकार केला होता, तो क्रम बदलला. आतां उत्तर आलें उणें ११०. ‘‘वा! म्हणजे पतसंस्थाच आपलें देणें लागते,’’ असें म्हणून ते हंसले; परंतु घड्याळाकडे त्यांचें लक्ष होतें, आणि भरलेल्या पैशांची किंमत आम्हांस ठाऊक होती.

यंत्र खोटें बोलत नव्हतें. आम्हीं सर्व राशि पूर्णांक म्हणून जाहीर केल्या होत्या. बारास शंभरानें पूर्णांकी भागाकार केला असतां अपूर्णांक गळून शून्य उरतें. म्हणून पहिलें उत्तर शून्य. दुसऱ्या खेपेस गुणाकार प्रथम झाला व तो एक लक्ष वीस हजार भरला. परंतु त्या प्रणालींत पूर्णांकाचें पात्र ३२,७६७ वर भरून जातें, आणि त्यापलीकडची संख्या फिरून ऋण बाजूनें येते. राशि दशांशी म्हणून जाहीर करितांच १२०० हें उत्तर पडद्यावर उमटलें. घरीं येऊन पुस्तक उघडलें, तों हे दोन्ही नियम आम्हीं अनेकदां वाचलेल्या प्रकरणांत स्पष्ट लिहिलेले! तीन महिने आम्ही ते वाचीत होतों, आणि वहींत मात्र आपल्या शाळेंतील अंकगणितानेंच हिशेब करीत होतों. कागद आमची चूक आमच्याच समजुतीनें वाचीत होता. पुस्तकी विद्या दगा देते तें ह्या ठिकाणीं. आणि जुन्या समजांत जें तथ्य आहे, तें एवढेंच आहे, असें आमचें मत आहे.

भाषेचा प्रश्न मात्र राहतोच. आमच्या आजोबांच्या पिढीनें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवरून इंग्रजीचा अभ्यास केला. परक्या भाषेपर्यंत जाण्याचा पूल तेथें मराठीचा होता. संगणकाची भाषा शिकतांना आम्हांस पूलही इंग्रजीचाच मिळाला. वसाहतींतील आमचे कित्येक सोबती गणितांत आमच्याहून तल्लख होते. ते पुस्तकाच्या दहाव्या पानावर अडले, ते तर्कामुळें नव्हे, इंग्रजीमुळें. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या विद्वानानें बॅकसच्या व्याकरणलेखन-पद्धतीस पाणिनीचेंही नांव जोडावें अशी सूचना अमेरिकेंतील एका संगणकशास्त्रीय नियतकालिकांत केली होती. हें ऐकून आपणांस अभिमान वाटतो व तो वाटावाही. परंतु पाणिनीच्या देशांतील मुलगा व्याकरणाच्या नव्या शाखेच्या दारांत केवळ परभाषेसाठीं थांबतो, ही गोष्ट त्या अभिमानाबरोबरच मनांत ठेविली पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमानें असे पाठ मराठी आवाजांतही दिले आहेत, हें सुचिन्ह होय. तथापि ऐकलेला पाठ निघून जातो. अडलेल्या जागीं पुन्हां पुन्हां येऊन बसण्यास पुस्तकाचें पानच लागतें. ह्या विद्येस तिचे तर्खडकर मराठींत मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.

ती वही आम्हीं जपून ठेविली आहे. तिच्या शेवटच्या पानावर त्या रविवारीं परतीच्या गाडींत लिहिलेले तीन आंकडे आहेत: शून्य, उणें ११०, आणि १२००. पैकीं शेवटचा आंकडा आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होता. भाषा शिकविली ती पहिल्या दोहोंनीं.